सगळ्या वायरी काळ्या

आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये अर्ध्या भागात मी गाड्यांचे पोचे काढतो, रंग मारतो आणि उरलेल्या अर्ध्यात वायरमन गाड्यांचं वायरिंग करतो. मी दिवसभर हातोडा आपटतो आणि तो दिवसभर गप्प असतो, त्यामुळे आमचं एकमेकांशी पटवून घेतल्यावाचून भागत नाही. त्याचं खरं नाव त्याच्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक नसेल. सगळे वायरमनच म्हणतात.

माणूस हाडाचा कारागीर, पण एक खोड वाईट. तो सगळ्या वायरी काळ्या घालायचा. बाकीचे लोक करंटला लाल, पंख्याला निळी अशी काहीतरी सोय बघतात. ह्याचे दिवे, हॉर्न, एसी, सगळं काळं. विचारलं की म्हणायचा, "हौशी लोकांच्या गाड्या असतात. बॉनेट उघडल्यावर रंगपेटी सांडल्यासारखी दिसायला नको." गिऱ्हाइकांना ते पटायचं, मला कधी पटलं नाही. कारण पुढे त्या गाडीत काही बिघडलं की दुसरा कुठलाही मिस्त्री त्या काळ्या जंजाळात हात घालायला धजत नसे आणि गाडी मुकाट ह्याच्याच दारात परत यायची. कुठली वायर कुठे जाते ते फक्त ह्याच्या डोक्यात. लोकांना वाटायचं, धंद्याची चलाखी आहे. पण आलेल्या माणसाला स्टुलावर बसवून, चहा मागवून, चुटकीसरशी होणारं काम तो अख्खी दुपार पुरवत बसायचा, ते मी बघत होतो. चलाख माणूस असा धंदा करत नाही. त्याला माणसं परत यायला हवी होती, एवढंच.

बायको गेली तेव्हा मुलगी शाळेत होती. शाळा सुटली की ती इथेच यायची. मोडीत काढलेल्या गाडीची एक सीट कोपऱ्यात टाकली होती, तिच्यावर बसून अभ्यास करायची आणि कंटाळा आला की बापाला टेस्ट लॅम्प, वायरीत करंट असला की लागणारा छोटा दिवा, धरून द्यायची. दोघांचं बोलणं म्हणजे, "लागला?" "नाही." "आता?" "आता लागला." मी चेष्टेने म्हणायचो, अरे, तिला जेवलीस का तरी विचार. तो म्हणायचा, डबा रिकामा दिसतोय की. माया होती, रग्गड होती, पण ती बाहेर पडायला त्याच्यासमोर काहीतरी बिघडलेलं असावं लागायचं.

मुलीने लग्न केलं तेही गाड्यांचं वेड लागलेल्या माणसाशी. जावयाने एक जुनी गाडी घेऊन तिचं छप्पर बुटकं केलं, दुसऱ्याच गाडीचं इंजिन तिच्यात बसवलं आणि रंगासाठी ती माझ्याकडे आणली. त्याच सुमाराला त्याला लांबच्या शहरात नोकरी लागली. शहर असं, की उन्हाळ्यात गाडीचं दार उघडताना हात भाजावा. पदरात तान्हं मूल. गाडीत मुळात एसी नव्हता, तो बाहेरून आणून बसवायचं ठरलं आणि वायरिंगचं काम अर्थातच आजोबांकडे आलं.

इतकं जीव ओतून काम करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. डॅशबोर्डखाली पाठीवर पडून त्याने सगळं जोडलं. ब्लोअरचा पंखा चालू केल्याशिवाय हवा गार करणारा कॉम्प्रेसर चालू होऊ नये अशी जोडणी केली, नाहीतर आत बर्फ धरतो. गॅस कमी झाला तर कॉम्प्रेसर आपोआप थांबावा म्हणून त्याच वायरीत प्रेशर स्विच घातला. कॉम्प्रेसरला करंट सोडणाऱ्या रिलेची अर्थिंगची वायर बॅटरीखालच्या बोल्टला दिली आणि रंगावर ती धरत नाही म्हणून माझा ताजा रंग खरवडला, त्यावरून मी त्याच्याशी बरेच दिवस धड बोललो नाही. आणि हे सगळं, सांगायला नकोच, काळ्या वायरीत.

"ह्या वेळी तरी रंगीत घाल," मी म्हणालो. "पोरगी लांब चाललीय. तिथल्या मिस्त्रीला काय कळणार?"

"तिथल्या मिस्त्रीला कशाला कळायला पाहिजे? मी आहे ना. ती फोन करेल."

हे तो अगदी सहज म्हणाला. मी परत हातोडा उचलला.

ते गेले आणि वायरमन शेडच्या वरच्या खोलीत एकटाच राहू लागला. एकटा तो आधीही होता, पण आता ते दिसायला लागलं. फोन शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि कामात वाकला की खिशावर हात धरायचा. मुलगी अधूनमधून फोन करायची. बरं आहे ना, बरं आहे. एसी चालतोय ना, चालतोय. मग दोघांचंही बोलणं संपायचं. एसी चालतोय हे ऐकून त्याचा चेहरा उतरायचा, आणि मला त्याचा राग यायचा.

पहिल्याच उन्हाळ्यात भर दुपारी फोन आला. गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, सावली कुठे नाही, जावई कामावर. वायरमनने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"बाबा, एसी बंद पडला. हवा येते, पण गरम. आधी खड्ड्यात गाडी आदळली की टिक करून चालू व्हायचा, मग परत बंद. आता होतच नाही."

मी पोचे काढणारा माणूस. पण खड्ड्यात टिक म्हटल्यावर मलाही कळलं की अर्थिंगची वायर ढिली झालीय. तो बोल्ट तर मी जन्मात विसरणार नव्हतो. मी खुणेने बॅटरीखाली, बॅटरीखाली, असं दाखवलं. त्याने हात वर करून मला थांबवलं.

"टेस्ट लॅम्प आहे ना गाडीत? फ्यूज बघ आधी," तो म्हणाला.

"लागतोय."

"बरं. आता प्रेशर स्विचकडून येणारी वायर. डावीकडून दुसरी."

"सगळ्या काळ्याच आहेत, बाबा."

"सावकाश बघ. घाई नाही."

त्याचा आवाज असा मोकळा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. लागला? लागला. आता? मध्येच त्याने विचारलं, घर हवेशीर आहे का, शेजारी कसे आहेत, तू वेळेवर जेवतेस ना. पलीकडे बाळ आधी कुरकुरत होतं, मग रडायला लागलं, मग त्याचा आवाज घोगरा झाला. वायरमनला तो ऐकू येत होता की नाही, देव जाणे. तो तिला आणखी एक वायर शोधायला सांगत होता.

मला राहवेना. मी टेबलाशी जाऊन फोनवर वाकलो. "पोरी, बॅटरीखालचा बोल्ट घट्ट कर. पाना नसेल तर वायर हाताने दाबून धर."

थोड्या वेळाने पलीकडे टिक झालं आणि कॉम्प्रेसर घरघरायला लागला.

"काका, तुम्हाला एवढ्यावरून कळलं," ती म्हणाली, "मग बाबांना..." पुढचं तिने गिळलं. "ठेवते. बाळाला पाणी पाजायचंय."

वायरमन फोनकडे बघत बसला. मी त्याला चांगला फैलावर घेणार होतो, पण त्याचा चेहरा बघून मी माझ्या कामाकडे वळलो.

पुढे तिचाच फोन आला. जावयाने तिथल्या मिस्त्रीकडून सगळं वायरिंग काढून रंगीत घालून घेतलं होतं. "म्हणजे आता तुम्हाला त्रास नको, बाबा," ती म्हणाली, तेही अगदी मायेने. तो म्हणाला, बरं केलंत. त्या उन्हाळ्यात तिचा परत फोन आला नाही. तिकडे काही बिघडलं नसणार.

त्याला घास गोड लागेना. डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. शेवटी मी भडकलो. "अरे, तू कर की फोन."

"काय म्हणून करू? गाडी चांगली चालतेय."

"नुसतं बोलायला कर. बाप आहेस तू तिचा, मिस्त्री नाहीस."

बराच वेळ तो पक्कड पुसत राहिला. मग त्याने फोन काढला, नंबर लावला आणि कानाला धरला. शेडमध्ये शांतता होती, तिचा आवाज माझ्यापर्यंत आला. "हॅलो? काय झालं बाबा?"

त्याने तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, बोल.

"काही नाही," तो म्हणाला. "चुकून लागला."