चिठ्ठीवर दिवस लिहायचे राहिले

डॉक्टर असूनही माझं अक्षर लोकांना वाचता येतं, याचा मला फार तोरा होता. साताऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात मी अपघात विभागात बसतो. तिथं एकदा मेढ्याकडचे एक निवृत्त सुभेदार पाठ धरून आले. तशा अवस्थेतही त्यांनी मला असा सॅल्यूट ठोकला, की मी खुर्चीतच दोन इंच वाढलो. इंजेक्शन दिलं, ट्रामाडॉलच्या, म्हणजे अफूच्या जातीतल्या जोरकस वेदनाशामक गोळ्या लिहिल्या आणि खाली रुबाबात लिहिलं, 'दुखल्यास घेणे.' किती दिवस, ते लिहायचं राहिलं. सॅल्यूटची धुंदी, दुसरं काय.

सहा-सात महिन्यांनी त्यांना फिट आली म्हणून बायकोनं आणलं. माझं निदान तयारच होतं: मिलिटरीचा माणूस, म्हणजे कॅन्टीनची बाटली. बाईंना दारूवर चांगली दहा मिनिटं ऐकवली.

"आवं डॉक्टर, ते थेंब घेत न्हाईत. त्यांचा कोटा माझं भाऊच पित्यात." मग पिशवीतून एक कागद काढला. "ह्या गोळ्या तेवढ्या चालू हायत. आता देऊ का?"

माझीच चिठ्ठी. फौजेतल्या शिस्तीनं सुभेदारांनी ती लॅमिनेट करून घेतली होती. मेढ्यापासून साताऱ्यापर्यंतच्या प्रत्येक मेडिकलवाल्याला ती छान वाचता आली होती. दिवसाला दोनाच्या दहा गोळ्या झाल्या होत्या, आणि फिट त्या गोळ्यांनीच आली होती.

सांगलीच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी त्यांना स्वतः नेऊन सोडलं. "दारुड्यांच्यात बसवायला लागलासा व्हय साहेब?" एवढंच ते गाडीत बोलले. दीड महिन्यानं परत आले ते निम्मे होऊन, पण गोळी सुटली होती. आता पुन्हा चूक नको, म्हणून त्यांच्या केसपेपरवर मी लाल शाईनं लिहिलं, 'गोळ्यांचं व्यसन. मागितलं तरी जोरकस वेदनाशामक देऊ नये.' तेही अगदी सुवाच्य.

गेल्या हिवाळ्यात ते बांधावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. मी दुपारच्या ड्यूटीवर पोचलो, तेव्हा त्यांना येऊन तीन तास झाले होते. सकाळच्या डॉक्टरीणबाईंनी लाल शाई वाचून त्यांना नुसत्या सलाइनवर ठेवलं होतं. ओठ चावून रक्त आलं होतं.

"साहेब, ह्या बारीला खरंच दुखतंय," ते म्हणाले.

पहिल्या वेळी तरी कुठं खोटं होतं? माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवेना. इंजेक्शन मी माझ्या हातानं भरलं. ते देताना त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"मंडळीला सांगू नका. तिला वाटंल, परत सुरू झालं."

बाई बाहेरच्या बाकावर कानांवर पदर दाबून बसल्या होत्या. मला बघून उठल्या.

"दिलं का वो त्यास्नी कायतरी?"

मी होकारार्थी मान हलवली.

"सकाळधरनं मागतीया मी. तर त्या बाई म्हनल्या, तुमीच सवय लावलीया त्यांना."

सवय कुणी लावली, ते सांगायला मी तोंड उघडलं. त्यांनी हातानंच मला थांबवलं आणि दाराकडं कान दिला.

"ऱ्हाऊ द्या आता," त्या म्हणाल्या. "कण्हायचं थांबलं बगा."