मुळेकाकांच्या अक्षरातली माझी ओळ

मुळेकाकांच्या माथी जी ओळ आयुष्यभर मारली गेली, ती मी लिहिली होती. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, आणि खुद्द काकांनाही नाही. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या मुलाचा, श्रीकांतचा, फोन आला. मी चिकलठाण्याला कामावर होतो. "बाबा गेले सकाळी. तुम्हाला कळवायचं, असं सांगून ठेवलं होतं त्यांनी." फोन ठेवला आणि मनात आधी दुःख आलं नाही. मलाच का कळवायला सांगितलं असेल, हा संशय आला... चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

दिगंबर मुळे आमच्या गल्लीतल्या वाचनालयात कुमार विभाग सांभाळायचे. तेरा ते सोळा वयाच्या पोरापोरींसाठी दोन कपाटं होती. त्यांच्यावर शिफारशींची यादी लावा, असं कार्यकारिणीनं अनेकदा बजावलं, पण काकांनी ती कधी लावली नाही. म्हणायचे, "मोठ्यांनी शिफारस केली की पोरं पुस्तकाला काढा समजतात. नाक दाबून पितात, नाहीतर मोरीत ओततात." त्यांची रीत वेगळी होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक कोरा कागद चिकटवलेला असे. पुस्तक संपलं, की ते पुढं कुणी वाचावं त्या मुलाचं किंवा मुलीचं नाव तिथं लिहायचं. स्वतःचं नाव लिहायचं नाही. मग काका त्या मुलाला हाक मारत, "ये रे, तुला बोलावणं आलंय." कुणी बोलावलं ते मात्र सांगत नसत. आपल्याला कुणीतरी ओळखून आहे, या कोड्यापायीच आम्ही अर्धं कपाट वाचून काढलं.

काका निजामाच्या शाळेत आधी उर्दू शिकले, मराठी नंतर. त्यामुळे एक गंमत झाली होती. अक्षरं ते सगळ्यांसारखीच काढत, पण वरची रेघ उजवीकडून डावीकडं ओढत. ती उजवीकडं ठसठशीत असे आणि डाव्या टोकाला शेपटीसारखी लोंबत राही. मी ते अक्षर हुबेहूब काढायचो. वर्गात फळ्यावर काढून हशा मिळवायचो. एकदा वाचनालयाच्या पाटीवर काढताना काकांनी पकडलं. रागावले नाहीत. "शाबास! उद्या माझी सही बी करशील तू," म्हणाले आणि पोट धरून हसले.

दहावीच्या वर्षी पाटलांची सुलभा मला आवडायला लागली. तिच्या वडिलांचा पैठणकडं ऊस होता आणि घर आमच्या गल्लीत. बोलायची हिंमत माझ्यात नव्हती. मग मी एक पुस्तक घरी नेलं. दुष्काळात घर सोडून निघालेल्या बहीणभावांची गोष्ट होती ती. मी ती वाचली नाही. नुसती चाळली, सत्त्याऐंशीव्या पानावर एक वाक्य सापडलं, "तू जवळ बसलीस की मला कशाचीच भीती वाटत नाही." त्याखाली रेघ मारली. मागच्या कागदावर सुलभाचं नाव लिहिलं आणि नावाखाली एक ओळ, "पान सत्त्याऐंशी फक्त तुझ्यासाठी." माझ्या अक्षरात लिहिलं असतं तर तिनं ओळखलं असतं. म्हणून काकांच्या अक्षरात लिहिलं, शेपटीसकट. काकांनी सांगितलंय असं समजून ती नक्की वाचेल, एवढीच माझी अक्कल. पुस्तक काकांच्या हाती न देता मीच तिच्या ओट्यावर ठेवून आलो.

पुस्तक तिच्या वडिलांच्या हाती लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालय भरलेलं असताना पाटील आले. पुस्तक टेबलावर आपटून म्हणाले, "मुळे, पन्नाशी उलटली तुमची. पोरीला हे लिहिता व्हय? वाचा की मोठ्यानं, लाजता कशाला?" मी कपाटाआड उभा होतो. काकांनी चष्मा पुसला, तो कागद नीट पाहिला. मग मान वर केली आणि थेट माझ्याकडं बघितलं... की माझ्यामागच्या खिडकीकडं? हे आजतागायत मला ठरवता आलेलं नाही. ते म्हणाले, "अक्षर माझ्यासारखं आहे खरं. पण पाटील, शहाऐंशीपासून वाचा हो. तापानं फणफणलेला भाऊ बहिणीला बोलतोय ते." कुणीच वाचलं नाही. पाटलांनी नाही, जमलेल्यांनी नाही, मीही नाही.

कार्यकारिणीनं काकांना कुमार विभागातून काढलं आणि जुनी वर्तमानपत्रं बांधायला आतल्या खोलीत बसवलं. पुठ्ठ्यांवरचे सगळे कागद फाडले गेले. महिन्याभरात मुलींनी येणं बंद केलं. दळणाच्या रांगेत बायका बोलायच्या, "वरून साधा दिसतो गं, पण नजर बघितली का?" माझी आईही म्हणाली, "त्या मुळ्याकडं जाऊ नकोस." मी 'बरं' म्हणालो. सुलभाचं कार्ड बंद झालं. तिला बारावीनंतर शिकवलं नाही. त्याला हेच कारण होतं की नाही, मला ठाऊक नाही. नसावं, असं मी स्वतःला सांगत आलो.

पुढं काका रस्त्यात भेटले, की दर वेळी एकच विचारायचे, "काय वाचतोस सध्या?" मला तो सापळा वाटायचा. लग्नात त्यांनी पुस्तक दिलं, तर आधी शेवटचा पुठ्ठा उघडून बघितला. कोराच होता. त्यांचा चांगुलपणा मी तीसेक वर्षं असा उलटापालटा करून तपासत राहिलो. माझी मुलगी चौदाची झाली आणि "बाबा, काय वाचू?" म्हणाली, तेव्हा मला एकही नाव सांगता आलं नाही.

दिवाळीनंतर भेटायला गेलो, तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. श्रीकांत चहा ठेवायला आत गेला. काका डोळे मिटूनच म्हणाले, "ते पुस्तक वाचलंस का रे शेवटी?"

कुठलं, हे मी विचारलं नाही. "नाही, काका."

"मला वाटलंच. वाचलं असतंस तर तेच वाक्य निवडलं नसतंस. त्यापेक्षा चांगली बारा-पंधरा होती त्यात."

मला माफी मागायची होती. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात श्रीकांत कप घेऊन आला आणि मी साखर कमी आहे की जास्त, यावर काहीतरी बोललो. त्यानंतर भेट नाही.

म्हणजे त्यांना पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. एक बोट माझ्याकडं दाखवलं असतं, तर ते सुटले असते. का दाखवलं नाही, ते मला कळलेलं नाही, आणि माझ्या सोयीचं उत्तर मी आता शोधणार नाही. इथं पेपरात लिहिणं तसं सोपं आहे, समोर कुणी नसतं. सुलभा पैठणला असते. तिचे वडील तिच्याकडंच राहतात, थकलेत, पण कानानं नीट ऐकू येतं म्हणे. त्या दोघांसमोर उभं राहून, ती ओळ मुळेकाकांची नव्हती, माझी होती, हे माझ्या तोंडानं सांगण्याचं देणं मी लागतो. अजून गेलेलो नाही.