पायपआजोंचा माळा

पायपआजोंच्या तोंडात सदैव पायप असे आणि तो बहुधा पेटवलेला नसे. याचे कारण मी त्यांना तीन वेळा विचारले आणि मला तीन उत्तरे मिळाली. पहिल्यांदा ते म्हणाले, "खोकलो येता." दुसऱ्यांदा म्हणाले, "नवो पायप आसा, वारो सारको येता काय ता बघतंय." तिसऱ्यांदा डोळे मिचकावून म्हणाले, "तोंडात कायतरी आसला काय माणूस कमी बोलता, गुरुजीनू. तुमी पण एक घेवा." यांतील खरे कोणते, हे मला कधीच ठरवता आले नाही.

पन्नाशीच्या दशकात विजयदुर्गच्या खाडीकाठी एका वाडीत मी शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा माझी राहण्याची सोय त्यांच्या पडवीत झाली. आजो तरुणपणी आगबोटीवर आगवाला होते. म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा ओढण्याचे काम करीत. तिथल्या एका गोऱ्या इंजिनिअरचा मोडलेला पायप दुरुस्त करता करता त्यांना ही विद्या आली. गावी परतल्यावर ते वाडीतल्या बोटीवर जाणाऱ्या माणसांसाठी फळझाडांच्या लाकडाचे पायप कोरू लागले.

त्यांच्या कामाला क्रम होता आणि मला क्रम आवडतो, म्हणून तो इथे नोंदवतो. लाकूड चुलीवरच्या माळ्यावर, धुरात, दोन पावसाळे सुकले पाहिजे. मग आधी तंबाखूचा खळगा पाडायचा आणि बाहेरचा आकार त्यानंतर द्यायचा. धुराची वाट छत्रीची काडी तापवून जाळीत न्यायची. खरवतीच्या खरखरीत पानाने घासायचे आणि शेवटी कोकमाच्या तेलाचा हात फिरवायचा. फणस, चिकू, चिंच, रातांबा ही झाडे त्यांना चालत. काजू मात्र त्याच्या चिकामुळे वर्ज्य. "ओठ सुजले तर बायल वळखूची नाय," असे ते म्हणत.

एकदा आजो दोन दिवसांसाठी देवगडला डोळे दाखवायला गेले. त्यांच्यावर काही उपकार करावा, या हेतूने मी शिडी लावून माळ्यावर चढलो. तिथे लाकडाचे चाळीसेक तुकडे एका लांब रांगेत, माझ्या मते अगदी अस्ताव्यस्त पडले होते. फणसाशेजारी चिंच, चिंचेशेजारी पुन्हा फणस. मी झाडांप्रमाणे वर्गवारी केली, ढीग लावले आणि प्रत्येक ढिगावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी ठेवली. फणसाचे तुकडे अकरा भरले.

आजो परतले आणि तसेच माळ्यावर चढले. मी खाली शाबासकीची वाट पाहत उभा होतो.

"गुरुजीनू, ह्या काय लिवलाहा?"

"फणस."

"फणस ता माका कळता. पण कोणाचो?"

तेव्हा मला समजले. माळ्यावरची ती रांग म्हणजे आमची वाडी होती. दाराकडचा तुकडा धक्क्याजवळच्या घरचा, त्यापुढचा तांडेलांच्या घरचा, असे करीत शेवटचा देवळाजवळच्या घरचा. आजो प्रत्येकाला त्याच्याच परड्यातल्या झाडाचा पायप देत. दुसऱ्याच्या झाडाचा कधीही नाही. "परक्या झाडाचो धूर बोटीर बरो लागना नाय," असे त्यांचे मत होते. हे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते.

सर्वांत बिकट प्रश्न शेजारच्या सुंदरकाकींचा होता. त्यांचा नवरा भिकाजी रजा संपवून पाच दिवसांनी बोटीवर परतणार होता. मागच्या खेपेस तो समुद्रावर असतानाच त्याची आई गेली. तिने लावलेला फणस त्याआधीच वादळात पडला होता आणि त्याचा एकच तुकडा आजोंनी माळ्यावर ठेवला होता. भिकाजीच्या हाती आईचे म्हणून द्यायला काकींपाशी एवढेच होते.

काकी आल्या, त्यांनी माझ्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि कमरेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "पोरांका शिकवता शिकवता लाकडांका पण शाळेत घातल्यात काय?" मग त्यांचा आवाज बदलला. "आता माझो खंयचो रे आजो?"

आजोंनी अकराही तुकडे अंगणात मांडले. वास घेतला, नखाने टोकरले, कानाशी धरून वाजवले. शेवटी म्हणाले, "तूच बघ गो." काकींनी एकेक तुकडा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला आणि एकावर हात ठेवला. "ह्योच."

"कशावरून?" मी विचारले.

"गुरुजीनू, जरा गप ऱ्हवा," आजो म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच काकी धावत आल्या. "आजो, काल मी चुकलंय! तो न्हय. तेच्या बाजूचो, काळो डाग आसलेलो!"

आजोंच्या हातात तोवर पायपाचा खळगा पाडून झाला होता. त्यांनी मान वर न करता सांगितले, "माका म्हायत व्हता. मिया तोच घेतलो, डागाचो. डाग आता खळग्यात गेलो."

काकी हसल्या, रडल्या आणि घरी गेल्या. मी मात्र माळ्यावर जाऊन उरलेले दहा तुकडे तपासले. त्यांतल्या दोहोंवर काळे डाग होते. आदल्या दिवशी असे डाग किती होते, ते मी मोजले नव्हते. खाली येऊन मी आजोंना विचारले, "खरे काय?" ते म्हणाले, "छत्रीची काडी तापव्या. विस्तव निवता."

भिकाजी पायप घेऊन गेला. पुढच्या रविवारी आजोंनी मला समोर बसवले आणि एकेक तुकडा हाती घेऊन, क्षणभरही न अडखळता, घराचे नाव सांगितले. मी लिहीत गेलो. फणसाच्या दहाही तुकड्यांना घरे मिळाली. "तुम्हांला हे ओळखता येत होते, तर मग त्या दिवशी...?" मी म्हणालो. "लिवा," ते म्हणाले. खात्री नसलेले एवढे मी आयुष्यात कधी लिहिले नाही.

दोन वर्षांनी माझी बदली आंबोलीकडे झाली आणि त्याच पावसाळ्यात आजो गेले. निरोप उशिरा पोचला; मला जाता आले नाही.

साठीचे दशक संपत आले असताना कुडाळच्या बसस्टँडवर भिकाजी भेटला. केस पिकले होते, बोटीवरची नोकरी सुटली होती. त्याने खिशातून काळवंडलेला पायप काढून माझ्यापुढे धरला. "गुरुजीनू, माझ्या आवशीचो फणस."

इतकी वर्षे उराशी बाळगलेली गोष्ट मला सांगावीशी वाटली. "भिकाजी, त्या वेळी माझ्या हातून एक चूक..."

"तुमी लाकडा मिसळल्यात ती? सुंदरीन तेव्हाच सांगितल्यान." तो मोठ्याने हसला.

"मग हा तोच, असे तू कशावरून म्हणतोस?"

एखाद्या विद्यार्थ्याने अगदीच सोपे गणित चुकवल्यावर शिक्षकाने पाहावे, तसा तो माझ्याकडे पाहत राहिला. "ह्येका घेवन मी सगळो दर्यो फिरलंय. आता ह्यो दुसऱ्या कोणाचो आसतलो?"

बस आली आणि तो चढला. खिडकीतून त्याने पायप हलवून निरोप दिला. मीही हात हलवला. त्याच्या उत्तरात कोणती पायरी सुटली आहे, ते मी घरी जाईपर्यंत शोधत होतो. ती मला सापडली नाही.