कशावरून म्हणतोस?

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दगड घासणं. मारुतीच्या देवळासमोर लिंबाखाली वीरगळ आहे. कुणी एक जण गाई राखताना लढून मेला, त्याच्यासाठी उभा केलेला. गाव शनिवारी त्याच्यावर तेल ओततं, मग कोरलेलं काही दिसत नाही. म्हणून दर रविवारी संध्याकाळी बायको गरम पाणी, राख आणि काथ्या घेऊन निघायची. बादली माझ्याकडं.

त्या शेवटच्या रविवारी माझा चुलतभाऊ आडवा आला. "वैनी, लोक देवाला तेल घालतेत अन् तुमी तवा घासल्यागत घासता!"

"भावजी, मानूस हाय त्यो. तोंड तर दिसू द्या त्याचं."

ती अंगणवाडीत मदतनीस होती. चौथी शिकलेली. मी तिच्याहून एक यत्ता कमी. तिथं भिंतीवर चित्रांचा तक्ता आहे. शिकवणारी बाई चित्रावर छडी ठेवते, पोरं ओरडतात, "गाजर!" संपलं. हिला ते पटायचं नाही. सोमवारी खिचडी चुलीवर ठेवून ही पोरांना दगडासमोर बसवायची आणि विचारायची, "काय दिसतंय?" पोरगं काहीबाही बोलायचं. ही लगेच, "कशावरून म्हणतोस?" मग त्याला उठून बोट ठेवून दाखवावं लागायचं. "आनखी काय दिसतंय?" बरोबर-चूक कधीच सांगायची नाही. मला राहवायचं नाही, मी मधेच सांगून टाकायचो. मग कोपर बसायचं बरगडीत. "तुमाला कोन इचारलं? त्यांचे डोळे हायत न्हवं?"

त्या रविवारी रात्री झोपली ती उठलीच नाही. सोमवारी दुपारी जाळून आलो. दगड स्वच्छ घासलेला, आणि पोरांना दाखवणारी गेली.

संध्याकाळी अंगणवाडीची बाई भेटायला आली. डोळे पुसत म्हणाली, "आजोबा, दगडाचं आता राहू द्या. तक्ता हाय की."

ते तक्त्याचं मला लागलं. शनिवारी पुन्हा तेल पडणार. सुतकाचे धा दिवस मी घरात बसलो तर दगड बुजला आणि तिचं विचारणंबी बुजलं.

मंगळवारी सकाळी धोतर नेसून निघालो. चुलतभाऊ दारातच.

"दादा, सुतक हाय. देवळाकडं फिरकायचं न्हाई."

"देवळात कोन चाललंय बे? दगडाकडं चाललोय."

"लोक काय म्हनतील?"

"काय म्हनायचं ते म्हनू दे. तिनं पोरांना दगड दाखवायचं कबूल केलंय."

अंगणवाडीतून पोरं मीच घेऊन आलो. बाई दारातून बाजूला झाली. चुलतभाऊ मागं मागं आला, दहा हात लांब उभा राहिला.

"काय दिसतंय?" मी विचारलं. आवाज चिरकला. चिरकू दे.

एक पोरगी म्हणाली, "खाली मानूस झोपलाय."

माझ्या तोंडात उत्तर आलं होतं. झोपला नाही पोरी, मेलाय. बरगडीत कोपर बसायची वाट बघितली. बसलं नाही. ओठ दाबले आणि म्हणालो, "कशावरून म्हणतीस?"

ती उठली. वरच्या चौकटीवर बोट ठेवलं. "ह्या बाया त्याला उचलून न्यायल्यात. मेला असता तर रडल्या असत्या. ह्या तर हसायल्यात."

सत्तर वर्षं तो दगड बघतोय. त्या बाया हसतात हे मला कधी दिसलं नव्हतं.

दुसरा एक जण बोलला, "ह्या खाली शेळ्या हायत."

मागून चुलतभावाला राहवलं नाही. "शेळ्या न्हाईत रे, गाई हायत त्या!"

पोरगी त्याच्याकडं वळली. कमरेवर हात. "कशावरून?"

चष्मा पुसत चुलतभाऊ दगडाजवळ सरकला.

"बस खाली," मी म्हणालो. "आन् बोट ठेवून दाखव."