हेडबाईंचा बंब

हेडबाईंच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: त्यांनी शिकवलेली आणि त्यांनी न शिकवलेली. हॅनोव्हरजवळच्या त्या लहानशा गावात पहिल्या प्रकारचीच जास्त. गावचा बुर्गरमाइस्टर, म्हणजे आपला सरपंच, चांगला टक्कल पडलेला गृहस्थ. पण बाई समोर आल्या की त्याचे खिशातले हात आपोआप बाहेर यायचे. मी दुसऱ्या प्रकारातली. पुण्याहून आलेली, इमारतींच्या हीटिंगची आखणी करणाऱ्या ऑफिसात नोकरी करणारी. माझं जर्मन ऐकून त्या म्हणाल्या, "आल्झो, तुम्हाला कोणीतरी बरं शिकवलंय. माझ्याइतकं नाही, पण बरं." आल्झो म्हणजे 'तर मग'; तो त्यांचा आवडता शब्द. त्यांचं खरं पद रेक्टोरिन. मी मात्र पहिल्या भेटीपासून त्यांना मनात हेडबाईच म्हणत आले.

त्यांची शाळा तेलावर तापायची. तळघरात टाकी, आणि तिच्यावरच पहिलीचा वर्ग. तिथल्या मुलांच्या दप्तरांनाही तेलाचा वास यायचा. निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना बाईंनी हट्ट धरला की शाळा गावच्या जंगलातल्या लाकडावर तापवायची. गावाला चारी बाजूंनी जंगल आणि तेल येतं जगाच्या दुसऱ्या टोकाहून, हे मुलांना समजावून सांगताना आपल्यालाच लाज वाटते, असं त्या म्हणायच्या. फोनवर मी आईला सांगितलं की लाकडाच्या ढलप्यांवर चालणारा बॉयलर बसवतेय. आई म्हणाली, "म्हणजे बंबच की गं! त्यासाठी जर्मनीला जायला कशाला हवं होतं?" बाईंना मी हे सांगितलं. बंब म्हणजे काय ते त्यांनी मला नीट समजावून सांगायला लावलं, आणि तेव्हापासून त्याही बॉयलरला बंबच म्हणू लागल्या.

प्रत्येक तास संपला की सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, हा त्यांचा नियम. बाहेर बर्फ असो नाहीतर वादळ. मी जीव तोडून उष्णतेचा हिशेब जुळवायचा आणि बाईंनी तो खिडकीतून सोडून द्यायचा. एकदा न राहवून बोलले, तर म्हणाल्या, "खोली पुन्हा तापते. पेंगुळलेला वर्ग तापत नाही." मी निमूटपणे हिशेब बदलला.

भांडण झालं ते जुन्या टाकीवरून. पहिला हिवाळाभर तेलाचा बॉयलर जोडीला राहू द्या, असं आमचं म्हणणं. बाई ऐकेनात. "मागचं दार उघडं ठेवलं तर माझी चौथीची मुलंसुद्धा मागूनच पळतात. ही तर मोठी माणसं." गावानेही मान डोलावली. टाकी निघाली.

ढलप्या पुरवायचं काम टॉर्स्टेनकडे गेलं. चाळिशी उलटलेला, धिप्पाड, अबोल शेतकरी. स्वतःच्या मालकीचं थोडं जंगल असलेला. लिहा-वाचायला तो बाईंकडेच शिकला. ट्रक आला की बादलीभर ढलप्या काढायच्या, यंत्राने ओल मोजायची आणि मगच ट्रक कोठारात रिकामा करायचा, असं ठरलं होतं. यंत्र बाईंनी स्वतःकडे मागून घेतलं होतं. पण जानेवारीत टॉर्स्टेनचा ट्रक आला तेव्हा त्यांनी ते खिशातून काढलंच नाही. आपण ज्याला अक्षरं गिरवायला शिकवलं, त्याचा माल काय तपासायचा?

ढलप्या ओल्याकच्च निघाल्या. बंब धुमसला, धुरावला, विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. ऐन कडाक्याच्या थंडीत शाळा गारठली आणि वर्ग अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरू लागले. पालक भडकले. ग्रामसभेपुढे ठराव आला: तेलाची नवी टाकी ताबडतोब बसवावी. तो मंजूर झाला असता तर बंब कायमचा गेला असता, कारण उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्यावर त्याच्यासाठी भांडणारं कोणी उरणार नव्हतं.

त्या सभेला मी होते. खरं सांगते, बाई टॉर्स्टेनचं नाव घेतील असं मला वाटलं होतं, आणि घ्यावं असंही वाटत होतं. बाई उभ्या राहिल्या. "ट्रक आला तेव्हा मी दारात होते. यंत्र माझ्या खिशात होतं. मी मोजलं नाही. आल्झो, चूक बंबाची नाही, माझी आहे. शिक्षा मला करा, त्याला नको." एवढंच बोलून बसल्या. गावाने त्यांना चूक कबूल करताना कधी पाहिलंच नसावं.

मग मागच्या रांगेतून टॉर्स्टेन उठला. "लाकूड माझं होतं," तो म्हणाला. त्याच्याकडे किडीने मारलेल्या स्प्रूस झाडांच्या वाळक्या ढलप्यांचा ढीग पडून होता. पण बाईंच्या शाळेला किडकं लाकूड कसं द्यायचं? म्हणून त्याने आपली बीच जातीची उत्तम, हिरवी झाडं तोडली होती, त्याच हिवाळ्यात; लाकूड वाळायला वेळच मिळाला नव्हता. हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते. बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "अरे वेड्या, मला किडकंच हवं होतं!" सगळी सभा हसली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ठराव पुढे ढकलला गेला. टॉर्स्टेनने स्प्रूस आणलं, बाईंनी ते मुलांदेखत मोजलं, आणि बंब उन्हाळ्यापर्यंत बिनतक्रार चालला. टाकीचा विषय पुन्हा निघाला नाही.

निवृत्तीनंतर बाई समुद्राकाठी बहिणीकडे राहायला गेल्या. मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर त्या वारल्याचं कळलं. मी ऑफिसात बसून रडले, कुणी काय म्हणेल याची पर्वा न करता.

त्यानंतर काही दिवसांनी तपासणीसाठी शाळेत गेले, तेव्हा टॉर्स्टेनचा ट्रक नुकताच येऊन थांबला होता. नव्या हेडबाई तरुण आहेत, दुसऱ्या गावच्या. तो बादली भरून त्यांच्यापुढे उभा राहिला. त्या हसून म्हणाल्या, "राहू द्या हो, तुमच्यावर विश्वास आहे आमचा."

तो जागचा हलला नाही. "विश्वास बाईंचाही होता," तो म्हणाला. "तुम्ही मोजा."

त्यांनी यंत्र आणून मोजलं. मगच त्याने ट्रक रिकामा केला.