आधी सुरी खाली

आमच्या धक्क्यावर कॉड मासे चिरणाऱ्या फिलोमिना मावशीची दहाही बोटं जागच्या जागी आहेत. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. माझीच मोजायला याल तर साडेनऊ भरतील.

मावशीचा नियम एकच. कुणी हाक मारली की आधी सुरी खाली ठेवायची, मग मान वर करायची. मान वळली की बोट गेलंच, असं ती बजावते. नव्या माणसाला ती चिरायला बसवते आणि मध्येच काहीतरी भलतंच ओरडते. सुरी हातात धरून जो वर बघेल, त्याला टेबलावरून हाकलून देते. तिच्या शब्दाबाहेर मालकसुद्धा नाही.

तिचा नवरा अँब्रोज यातच नापास झाला होता. मागच्या उन्हाळ्यात "देवमासा!" अशी आरोळी ऐकून त्यानं वर पाहिलं, आणि तर्जनीचं टोक माशांच्या डोक्यांबरोबर टोपलीत गेलं. तेव्हापासून मावशीनं त्याला मीठ लावायला ठेवलं. जन्मभर सुरी चालवलेला माणूस, पार खचून गेला होता.

या मोसमात त्यानं पुन्हा सुरी मागितली.

"नवरा आहेस म्हणून सूट नाही हं," मावशी म्हणाली.

"सूट मागतंय कोण? तू ओरड नुसती."

तो चिरायला लागला.

"अँब्रोज, होडी सुटली!"

सुरी खाली, मग मान वर.

"अँब्रोज, तुझी आई आलीय!"

आई कधीच देवाघरी गेलेली, तरी सुरी आधी खाली. आम्ही हसून बेजार झालो.

"मावशी, कर की पास त्याला," मी म्हणाले. "का आता त्याच्या बापालाही बोलावतेस?"

पण तिचं समाधान होईना. तो पुढच्या माशाकडे वळला. मावशीनं स्वतःची सुरी बाजूला ठेवली आणि अगदी हळू म्हणाली, "अँब्रोज, तुझं बोट गेलं त्या दिवशी मी घरी जाऊन खूप रडले रे. मला तू अख्खा हवा आहेस."

मावशीच्या तोंडून असं काही आम्ही कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यानं तर नव्हतंच. त्याचे हात थांबले. सुरी फळीवर टेकल्याचा आवाज आला, आणि मगच त्यानं मान वर केली. डोळे भरून आले होते.

"हेही त्या होडीसारखंच का गं?"

"नाही," मावशी म्हणाली. "उचल आता सुरी."