मिठाचे तीन हात

"कुणी टाकलं म्हणते मी. अजून मीठ कुणी टाकलं?"

अव्वा काचेच्या टाकीसमोर उभी राहून ओरडत होती. अव्वा म्हणजे माझी आई. ती ओरडली की लातूरच्या गंजगोलाईचे सोळाही रस्ते घटकाभर थबकतात, आणि आमचं घर तर तिथून तीन किलोमीटर लांब. तिच्या हातात मिठाची तळ दिसणारी बरणी होती. बायको पदराला हात पुसत आतून आली आणि म्हणाली, दुपारी मी टाकलं की. मी नुकताच आडतीवरून आलो होतो, चप्पलसुद्धा काढली नव्हती, आणि माझ्या हातात पाण्याचा पेला होता. त्यात त्या दिवसाचं मीठ मी चमच्यानं विरघळवत होतो. पन्नाशी उलटलेल्या माणसानं पेला पाठीमागं लपवला.

टाकीत गोल्डफिश आडवा झाला होता.

आता लिंगायताच्या घरात मासा आलाच कसा, हे सांगितलं पाहिजे. आमच्याकडं सात पिढ्यांत कुणी अंड्याकडं डोळे वर करून पाहिलेलं नाही. लेक अकरावीत असताना ती हा मासा पिशवीत घालून घेऊन आली, तेव्हा अव्वानं दोन दिवस बैठकीत पाय ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ती स्वतःच त्याला दाणे टाकताना सापडली. मासा हा शब्द ती उच्चारत नसे. "त्या लेकराला खायाला दिलं का?" एवढंच विचारायची.

पुढं लेक नांदेडला इंजिनिअरिंगला गेली आणि मासा आमच्याकडं राहिला. दर शनिवारी ती अहमदपूर, लोह्याच्या बसनं धक्के खात टाकीचं पाणी बदलायला यायची. पप्पा, तुम्हाला जमत न्हाई, म्हणायची. मला चांगलं जमत होतं. पण मी शुक्रवारी न चुकता फोन करायचो, की पाणी इतकं गढूळ झालंय की मासा कुठल्या बाजूला हाय तेच दिसून नाही राहिलं. पाणी आरशासारखं असायचं. लोक माशाला पकडायला गळ टाकतात, मी लेकीला घरी आणायला मासाच गळाला लावला होता. तिला एरवी यायला कारण काय होतं? आमच्या तिघांची तोंडं तिनं अठरा वर्षं पाहिलीच होती.

म्हणून, खरं सांगतो, त्याच्या अंगावर पहिल्यांदा पांढरे ठिपके दिसले तेव्हा मला आनंद झाला. रवा भुरभुरावा तसे ठिपके. मासा खालच्या खड्यांवर अंग घासत होता. मी लगेच फोन लावला. ती म्हणाली, परीक्षा चालू हाय, मासा घेतला त्या दुकानवाल्याला विचारा, मी शनिवारी येते, तोवर सांभाळा. त्या दिवशी सोमवार होता.

मासेवाला भला माणूस. त्यानं सांगितलं, हा किडा हाय, अंगात शिरून बसतो. अंगावरच्याला मीठ काही करत न्हाई. तो पिकून गळतो, त्याची पिल्लं पाण्यात सुटतात, तेव्हा मीठ त्यांना गाठतं. म्हणून धीर धरायचा. जाडं मीठ, दहा लिटरला दोन लहान चमचे, तेही तीन दिवसांत थोडं थोडं, आधी पेल्यात विरघळवून. "आणि मालक, मीठ उडून जात न्हाई. पाणी आटलं तरी मीठ आतच राहतं. उगा टाकत बसू नका."

जाडं मीठ घ्यायला मी आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात गेलो आणि तोंडातून निघून गेलं, की माशासाठी पाहिजे. दुकानदारानं तराजू खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत रेणापूर नाक्यापर्यंत बातमी गेली, की अमक्याच्या घरी मासा खारवून राहिले.

पण खरी गोम वेगळीच. आमच्या घरी लिंगपूजा होऊन नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी काही चाखत नाही. स्वयंपाकात मीठ सगळं अंदाजानं. अव्वाचा हात साठ वर्षांचा, बायकोचा पंचवीस वर्षांचा, आणि दोघींच्या हाताबद्दल विचारायची आमच्यात टाप नाही. मीठ टाकलं का, असं चुलीशी विचारलं तर त्याचा अर्थ तुझ्या अंदाजावर माझा भरवसा नाही, असा होतो. त्यापायी दोन सुना घर सोडून गेल्याचं मी ऐकलंय. म्हणून खारट वरण आम्ही मुकाट गिळतो, अळणी आमटीला वाहवा म्हणतो.

तोच रिवाज टाकीलाही लागला. मी मासेवाल्याचं सांगणं घरात एकदा मोठ्यानं सांगून टाकलं आणि तिघांनीही ते स्वतःवर घेतलं. अव्वा सकाळी पूजा आटोपून एक मूठ टाकायची. चमचा म्हणजे तिला अपमान वाटतो. बायको दुपारी टाकायची. मी संध्याकाळी. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. कुणी कुणाला विचारलं नाही. सगळ्यांना वाटत होतं, आपल्यामुळंच लेकरू बरं होतंय.

बुधवारी संध्याकाळी अव्वाचा आवाज थांबल्यावर मी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. मी मुंबईचा समुद्र चाखलाय. तो यापुढं गोड.

मग तिघांची एकच धांदल उडाली. मी मगानं पाणी उपसू लागलो, बायको बोअरचं ताजं पाणी ओतू लागली, अव्वा "हळू रे अप्पा, हळू" म्हणत दोघांच्या मधे उभी. हळू करायला पाहिजे होतं. ते मला पुढं मासेवाल्यानं सांगितलं. एकदम पाणी बदललं तरी जीव घाबरतो म्हणे. आमचा तर तिघांचा घाबरला होता. मासा एकदा सरळ झाला, इतका सरळ की बायकोनं हात जोडले. मग पुन्हा कलला. कल्ले हलत होते. ठिपके, गंमत बघा, बरेचसे गेले होते.

मोठमोठ्या गप्पा मारणारा माणूस मी. बैल विहिरीत पडला तर शेपटीला धरून काढला, असं उमरीच्या बाजारात शपथेवर सांगितलंय. त्या दोन फुटांच्या टाकीपुढं खुर्ची टाकून बसलो आणि मला काहीसुद्धा करता येत नव्हतं. अव्वा विभूती घेऊन आली. लावायची कुठं, ते तिला कळेना. तिनं ती काचेला लावली.

गुरुवारी सकाळी पूजेच्या आधी कल्ले थांबले.

फोन मीच केला. म्हटलं, सगळं रंगवून सांगावं, हसवावं, मग हळूच मूळ गोष्टीवर यावं. मुठीचं सांगितलं, किराणावाल्याचं सांगितलं, समुद्राचं सांगितलं. ती हसली नाही. मधे एकदाच म्हणाली, "पप्पा, गेला का ते सांगा." मी सांगितलं. मागं होस्टेलच्या भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, तू ये तर खरी, नवा आणू, दोन आणू, अव्वा वाट बघून राहिली.

"या शनिवारी न्हाई येत," ती म्हणाली. "जर्नल पूर्ण करायचंय."